डाव्या हाताचं अक्षर

इतका चोख गुन्हा आमच्या शाळेत आजवर कुणी केला नसेल. शाळेची पितळी घंटा मी सुट्टीत उचलली आणि रुमालात गुंडाळून वर्गातल्या महाराणीच्या दप्तरात दडवली. मोठ्या बाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: ‘घंटा माझ्या ताब्यात आहे. परत हवी असेल तर गणिताचे तास बंद करा.’ अक्षर हुबेहूब महाराणीचं. कुठे म्हणून फट नाही.

फक्त एक विसरले. महाराणीचं दप्तर रोज मीच वाहते.

दुसऱ्या दिवशी फाटकातून आत शिरले, रुमाल सुटला आणि माझ्या खांद्यावर ठण ठण सुरू झालं. पोरं सवयीने रांगेत उभी राहिली.

ही महाराणी तीन वर्षं रोज माझा एक बूट काढून सायकल स्टँडच्या पत्र्यावर फेकायची. तिचा गृहपाठ लिहून दिला की शिडी मिळायची. माझं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिच्या वह्या मी डाव्या हाताने लिहायचे. तो हात असा काही बसला, की वह्या बघून मिळणारा सुंदर हस्ताक्षराचा कप दरवर्षी तिला आणि दुसरा नंबर मला. स्वतःच्याच हाताकडून हरणारी मी एकटीच असेन.

शिपाईकाकांनी मला मोठ्या बाईंसमोर उभं केलं. आता शाळेतून माझं नाव कमी होणार, हे नक्की.

“दप्तर कुणाचं?”

“माझं,” महाराणी म्हणाली. “पण घंटा हिनेच घातली, बाई! चोरटी आहे एक नंबरची!”

मोठ्या बाईंनी चिठ्ठी आणि महाराणीची वही शेजारी शेजारी ठेवली. “अक्षर तर तुझंच आहे गं.”

“नाही! ते माझं अक्षर नाहीच!”

“वहीतलं?”

“वहीतलंपण नाही!”

“गेली कामातून,” शिपाईकाका पुटपुटले.

“मग वह्या कोण लिहितं?”

“ही!” महाराणीने माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी माझ्यापुढे कागद सरकवला. मी उजव्या हाताने चिठ्ठीतला मजकूर लिहिला. एक अक्षर जुळेल तर शपथ. मग कागद महाराणीपुढे गेला. पोरगी तीन वर्षांत पहिल्यांदाच लिहीत होती. ‘घंटा’मधला घ कसा काढायचा, ते तिने दोनदा विचारलं.

“हे बघ,” मोठ्या बाई म्हणाल्या, “वह्या तुझ्या, तर चिठ्ठीही तुझी. चिठ्ठी तुझी नाही, तर वह्याही नाहीत. काय ते ठरव.”

महाराणीने आपली वही चिठ्ठीपासून दूर ढकलली. मग म्हणाली, “वह्या माझ्या नाहीत.”

तीन वर्षांचा गृहपाठ बाईंच्या डोळ्यांसमोर पुन्हा लिहायचा, अशी शिक्षा झाली. माझी भीड चेपली आणि मी बुटांचंही सांगून टाकलं. शिपाईकाकांनी शिडी लावली आणि महाराणीला वर चढवलं. पत्र्यावरून अकरा बूट खाली आले. माझे त्यात दोनच होते. बाकीच्या बुटांचे मालक एकेक करून पुढे आले, एका पायावर उड्या मारत, आणि मग अख्ख्या शाळेने असा काही गलका केला की घंटेचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. गणिताचा तास बुडाला.

चिठ्ठी कुणाची, याचा शोध अजून चालूच आहे.

शनिवारी तिन्ही वर्षांचे कप महाराणीकडून काढून मला दिले. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कप जड होते, म्हणून मी ते उजव्या हाताने कवटाळले. मोठ्या बाईंनी मिळाल्याची सही करायला रजिस्टर पुढे धरलं.

सही मी डाव्या हाताने केली.