जातो, अप्पा

“‘जातो’ नाही अण्णा, ‘येतो’,” केतकी म्हणाली. “निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही.”

“ती ‘जातो’च म्हणाली, अक्का.” व्यंकोजी बाकावर ताठ बसला होता.

केतकी एरवी एका प्रयोगशाळेत पेशींचे नमुने तपासत असे. शनिवारी तुरुंगाच्या वाचनालयात लेखनाचा वर्ग घेई. बाकीचे कन्नडमध्ये लिहीत. व्यंकोजीला गोष्ट मराठीतच हवी होती, पण त्याच्या घराण्याची मराठी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरमध्ये घरात बोलण्यापुरतीच उरलेली. अक्षरं त्याला फक्त कन्नड यायची. म्हणून तो सांगे, ती लिहून घेई. त्याच्या घरच्या बायकाही स्वतःविषयी पुरुषांसारखं ‘जातो, येतो’ म्हणत. ते तिने तसंच ठेवलं होतं. निघतानाचं ‘जातो’ मात्र तिला खटकलं.

“कन्नडमध्येसुद्धा ‘होगि बर्तिनी’ असतं ना? जाऊन येते म्हणून?”

“असतंय. बाहेर.” तो हसला. “आत उलटं. सुटलेला माणूस गेटात ‘येतो’ म्हणाला तर आम्ही त्याचं तोंड दाबतो. म्हटलं की परत आत येतंय म्हणे. तुम्ही दर शनिवारी ‘येते’ म्हणता, तेव्हा ही पोरं हसतात ते कशाला?”

“अक्कांचं बरं आहे,” मागून वर्गातला गुंडू म्हणाला. “त्यांना संध्याकाळी सोडतात.”

सगळे हसले. केतकीही हसली. मग तिने विचारलं, “चंदनाला माहीत होतं हे?”

चंदना त्याची मुलगी. तिचा नवरा तिला मारायचा. एकदा तिचा फाटलेला ओठ पाहून व्यंकोजी होसकोटेला जावयाच्या कामाच्या शेडवर गेला आणि तिथलीच पहार उचलली. जावई दवाखान्यापर्यंत पोचला नाही. शेवटच्या भेटीत जाळीपलीकडून चंदना म्हणाली होती, “मी तुला मार म्हटलं होतं काय, अप्पा? घरी ने म्हटलं होतं.” मग ती उठली आणि ‘जातो’ म्हणाली. त्यानंतर आली नव्हती.

“कोण तरी सांगितलं असेल तिला,” व्यंकोजी खाली बघत म्हणाला. “शुभ व्हावं म्हणून म्हणाली असेल.”

भेटीला येणाऱ्यांना आतली रीत कोण सांगणार? एका उत्तरावर दुसरा प्रश्न विचारायची केतकीची सवय होती. या वेळी तिने विचारला नाही.

“गोष्टच आहे, अण्णा. हवं तर ‘येतो’ करू.”

“नको. ऐकायला आली तर म्हणेल, अप्पा खोटं लिहितो.”

वर्गाच्या शेवटच्या शनिवारी वाचन होतं. प्रत्येकाला घरचं एक माणूस बोलावता येणार होतं. व्यंकोजीने चंदनाचं नाव दिलं. ऑफिसातून फोन गेला. “बघतो,” म्हणाली, एवढंच त्याला कळलं.

त्या दिवशी तो दाढी करून आला. शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची त्याने खांद्यावरच्या टॉवेलने पुसली, तिचे पायसुद्धा पुसले. गुंडूची आई आली आणि मुलगा वाचायला उठायच्या आतच रडू लागली. बाकीच्या खुर्च्याही भरल्या.

“वाटेत बेळ्ळंदूरला ट्रॅफिक असणार, अण्णा,” गुंडू म्हणाला. “माझं आधी वाचतो. तुम्ही स्वल्प थांबा.”

गुंडूचं झालं. आणखी दोघांचं झालं. मग वॉर्डरने व्यंकोजीकडे बोट केलं.

त्याने आपली मराठी कन्नड अक्षरांत उतरवून घेतली होती. तो सावकाश वाचत गेला. शेड वाचली. पहार वाचली. ‘घरी ने म्हटलं होतं’ हेही वाचलं, न अडखळता. केतकी आपल्या प्रतीवर ओळीमागून ओळ बोट फिरवत होती.

“मग चंदना उठली. पदर सारखा केला. म्हणाली...”

तो थांबला. दाराकडे नाही, खुर्चीकडे बघितलं.

“म्हणाली, ‘येतो, अप्पा.’”

केतकीचं बोट ‘जातो’वर राहिलं. तिने ती ओळ दुरुस्त केली नाही.

टाळ्या झाल्या. घरची माणसं मुख्य दाराकडे वळली. केतकीने पिशवी उचलली. हा शेवटचा वर्ग होता हे ठाऊक असून सवयीने तिच्या तोंडून निघालं, “येते.”

कुणी हसलं नाही.

“सरी, अक्का. बरं,” व्यंकोजी म्हणाला.

वॉर्डर खुर्च्या एकात एक रचू लागला होता. व्यंकोजीने त्याला हाताने थांबवलं. जिच्यावर कुणी बसलं नव्हतं ती खुर्ची टॉवेलने पुन्हा पुसली आणि स्वतः उचलून थप्पीवर ठेवली.