मायाक्काची उलटतपासणी

होटगीकडची मायाक्का धनगरीण दर मंगळवारी लोकर घेऊन सोलापूरच्या बाजारात यायची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर पदर नाही, गालात तंबाखू, आणि हसणं असं की चार दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायचं.

१९३१ च्या उन्हाळ्यात लोकर-घोंगड्यांच्या एका दलालानं वजन करायच्या निमित्तानं तिला वखारीत बोलावलं, दार लोटलं आणि मिठी मारली. मायाक्कानं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि ओरडत बाहेर आली.

माणसं जमली. पण दलालाच्या मनगटाकडं कुणी बघेना, सगळे हिच्या पोटऱ्यांकडं बघत राहिले. "अशी हिंडते, अशी खिदळते, मग दुसरं काय होणार?" एक म्हातारा म्हणाला. नवरा सिदू तेवढा म्हणाला, "चल फौजदाराकडं. मी हाय."

खटला उभा राहिला. दलालाचे वकील वेणीमाधवराव उलटतपासणीला उठले.

"बाजारात तू परपुरुषांशी हसून बोलतेस?"

"व्हय की. रडून बोलल्यावर लोकर कोन घील?"

"लुगडं एवढं वर का?"

"मेंढरं काट्यातनं जात्यात. तुमी पायघोळ नेसून चला बगू माज्यासंगं."

वकील चिडले. "म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होईल असाच तुझा पेहराव असतो. कबूल?"

मायाक्कानं त्यांना खालवर न्याहाळलं. "सायेब, धोतरातनं तुमच्या बी पोटऱ्या दिसत्यात की. मी धरलं का तुमास्नी?"

मॅजिस्ट्रेटनी रुमाल तोंडाला लावला. लोक खदखदून हसले, पण हसून झाल्यावर पुन्हा कुजबुजले, "बघा, भर कोर्टात कशी बोलते! तसलीच आहे."

एवढ्यात पुढच्या साक्षीचा पुकारा झाला. मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, रुक्मिणीबाई. वखारीतली हकिकत कानावर आल्यावर त्या आपण होऊन फौजदाराकडं गेल्या होत्या. "आपलं नाव कशाला यात?" असं त्यांचे यजमान नारायणराव दोन दिवस म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच टांगा बोलावला.

वकिलांचा आवाज मऊ झाला. "बाई, आपण कुलीन घरातल्या. आपला इथं काय संबंध?"

"गेल्या दिवाळीत मी घोंगडी घ्यायला त्याच वखारीत गेले होते. याच माणसानं मला असंच धरलं. अंगावर हेच लुगडं होतं, दोन्ही खांद्यांवरून पदर होता. मी हसले नव्हते. मान वर करून बघितलंही नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आज हिला जे विचारलंत, ते मलाही विचारलं असतंत म्हणून."

वेणीमाधवराव खाली बसले. दलालाला सहा महिने सक्तमजुरी झाली.

पुढच्या महिन्यात एका रविवारी रुक्मिणीबाई आणि नारायणराव गाडीनं होटगीला गेले. सिदू स्टेशनावर घ्यायला आला होता. माळावर मायाक्कानं गरम भाकरी वाढल्या. नारायणराव नको नको म्हणत मेंढीचं दूध तीन वाट्या प्यायले.

"बाई, शाळंत काय म्हनले?" मायाक्कानं विचारलं.

"दोन मुलींची नावं शाळेतून काढून घेतली त्यांच्या घरच्यांनी. पण परवा बाजारातली एक कासारीण आपली लेक घेऊन आली. म्हणाली, हिला तुमच्यासारखं बोलायला शिकवा."

मायाक्कानं कोकराशी खेळणाऱ्या आपल्या सात वर्षांच्या चिमाकडं बघितलं. "मग माजी बी धाडू?"

"धाड की! पण राहील कुठे?"

मायाक्का चुलीतली लाकडं मागं ओढू लागली. नारायणरावांनी ओठांवरची साय पुसली.

"आमच्याकडे," ते म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीनंच नेऊ. चिमे, येतेस?"

चिमानं कोकरू उचललं. "हे बी यील."