काठी की गाडी?

मी एक जुना कर्णा आहे. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा, दोन हात लांब, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला भोपळ्याच्या फुलासारखा पसरट. मित्रांनो, मला वीज लागत नाही. अरुंद टोकाशी कोणी हळू बोललं, तरी पसरट टोकातून मी ते अर्ध्या मैदानाला सांगतो. ही माझी विद्या. एकदा याच विद्येने माझी लाज काढली आणि एका भल्या माणसाच्या जिवावर बेतलं, तीच गोष्ट सांगतो.

तंजावरच्या एका पत्र्याच्या कारागिराने मला हनुमंतरावांसाठी घडवलं. हनुमंतराव शाळामास्तर. आवाज इतका बारीक की मागच्या बाकावर पोचायचा नाही, आणि हौस मात्र दांडगी, शर्यतींची घोषणा करण्याची! दुसरं महायुद्ध संपून लष्कराची विमानं गेली आणि गावाबाहेर तांबड्या मातीत एक धावपट्टी उरली होती. तिथे दरवर्षी सुगी आटोपली की पाच रविवार मोटरसायकलींच्या शर्यती होत. पाचही रविवारांचे गुण मिळून जो पहिला येई, त्याला मद्रासजवळ शोळावरमच्या मोठ्या शर्यतीला पाठवत. पापनाशम, ओरत्तनाडूहून बैलगाड्या भरभरून माणसं येत. माझ्या तोंडून आवडत्या स्वाराचं नाव निघालं की छत्र्या हवेत उडत. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसांत फार फुगलो होतो.

लोकांचा लाडका होता वैद्यनाथ. सायकली दुरुस्त करणारा, अबोल माणूस. लहानपणच्या आजाराने त्याच्या डाव्या पायात गुडघ्याखाली जोर नव्हता. मागचा ब्रेक नेमका त्याच पायाचा. म्हणून त्याने ब्रेकला एक वेताची काठी काथ्याने बांधली होती. मांडीने काठी रेटली की ब्रेक लागे. १९५७ साली तीन रविवार झाले तेव्हा वैद्यनाथ सर्वांच्या पुढे होता.

तिसऱ्या रविवारी मात्र एक भानगड झाली. प्रतापसिंह नावाचा उमदा स्वार आपल्या मोटरसायकलीला बाजूची एक चाकाची गाडी, म्हणजे साइडकार, दोरखंडाने बांधून आला आणि तोल राहावा म्हणून तीत मेव्हण्याला बसवलं. वळणावर दोरखंड सुटला. मेव्हणा गाडीसकट प्रेक्षकांत शिरला आणि वेंकूबाईंच्या इडल्यांच्या टोपलीपाशी थांबला. वेंकूबाई म्हणजे वैद्यनाथाच्या शेजारीण आणि त्याच्या सर्वांत कट्टर चाहत्या. त्या मेव्हण्याला म्हणाल्या, "आलास तर बस, खाऊन जा." सगळे हसले, पण पुन्हा असं व्हायला नको, हे सगळ्यांनाच कळलं.

चौथ्या रविवारी शर्यतींचे चिटणीस अप्पाजी भाचीच्या लग्नाला पापनाशमला गेले होते. दुपारच्या रेल्वेने परतणार होते. सकाळच्या बसबरोबर त्यांनी नव्या नियमाची चिठ्ठी पाठवली. आता इथे एक गोष्ट समजून घ्या. आमच्या तंजावरी मराठी मंडळींच्या घरात मराठी आणि शाळेच्या पाटीवर तमिळ. मराठी चिठ्ठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहायची. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर, आणि ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. बाकीचं वाचणाऱ्याने आपल्या अकलेने भरायचं. हनुमंतरावांनी मला तोंडाला लावलं आणि वाचलं, "आजपासून बांधलेली काठी चालणार नाही." लगेच तमिळमध्येही तेच सांगितलं. आणि मी ते शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचवलं.

मग जो गलका उठला! "तीन रविवार चालली ती काठी आज कशी टोचली?" "वाढलेलं ताट ओढतां काय?" वेंकूबाई तर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "अय्यो राव, नियम बदलायचा तर पहिल्या रविवारीं बदला, नाहींतर पुढच्या वर्षीं. मध्येंच कशास? त्याच्या पायास ठाऊक होतें काय तुमचा नियम येणार म्हणून?" असं म्हणून त्यांनी छत्री मिटली आणि धावपट्टीकडे पाठ करून बसल्या. त्यांचं पाहून दुसरे बसले, तिसरे बसले. बघता बघता सगळं मैदान आमच्याकडे पाठ करून बसलं. मित्रांनो, शिव्या मी पचवल्या असत्या, पण त्या पाठी बघून माझा पत्रा गार पडला.

हनुमंतराव घामाघूम झाले. चिठ्ठी पुन्हा वाचली, पुन्हा काठीच दिसली. एकदा डोक्यात काठी बसली की दुसरं काय दिसणार!

आणि वैद्यनाथ? तो भांडला नाही. खाली बसून काथ्या सोडू लागला.

"हें काय करतोस रे?" वेंकूबाई मान वळवून ओरडल्या.

"नियम आहे अक्का. काठीविना जातों."

"आणि थांबशील कसा?"

"पुढचा हाताचा ब्रेक आहे की."

भुसभुशीत मातीत वळणावर तो एकटा ब्रेक दाबला की गाडी लोळण घेते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यालाही होतं. पण शोळावरम त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्याने काठी बाजूला ठेवली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. पाठ करून बसलेले सगळे उठले. कोणी "नको रे!" म्हणत होतं, बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. निशाण वर गेलं, ते खाली आलं की सुटायचं. मला वाटलं, याला काही झालं तर ते माझ्या तोंडून झालं.

तेवढ्यात लग्नाचं जरीकाठी धोतर सावरत अप्पाजी धावत आले. वेंकूबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं. "तुम्हीच ना काठी बंद केलांत?"

"काठी? कोणची काठी?" अप्पाजींनी हनुमंतरावांपाशी येऊन चिठ्ठी ओढून घेतली, पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो राव, गाडी! बांधलेली गाडी! प्रतापसिंहाची! मी काठी कशास लिहीन?"

त्यांनी मला हिसकावून घेतलं. "गाडी! काठी नव्हे, गाडी! निशाण थांबवा!" इतक्या जोरात माझ्यातून आजवर कोणी ओरडलं नव्हतं. माझी एक शिवण तेव्हाच उसवली. उसवू दे! निशाण खाली आलं नाही. वैद्यनाथाने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला आणि माझाही जीव भांड्यात पडला.

सगळं मैदान हसायला लागलं. सर्वांत मोठ्याने प्रतापसिंह. "म्हणजे बंदी माझ्यावरच की!" म्हणत त्याने आपली बाजूची गाडी सोडवून ठेवली, आणि तिचाच दोरखंड घेऊन वैद्यनाथाची काठी ब्रेकला आवळून बांधली. नियम मध्येच बदलला म्हणून कुरकुर करायचा हक्क खरा त्याचा होता. त्याने मेव्हण्याला इडल्या खायला पाठवलं आणि एकटाच धावला.

वैद्यनाथ त्या दिवशी तिसरा आला, पण पाचवा रविवार धरून गुण पुरले. शोळावरमला तो सातवा आला. तरी तंजावर स्टेशनवर त्याला हार पडले, कारण तो धड परत आला होता.

पुढे विजेचे भोंगे आले आणि मी अडगळीत पडलो. गांधीलमाश्यांनी माझ्यात घर केलं. हनुमंतराव गेल्यावर वैद्यनाथाने मला शोधून आपल्या दुकानात आणलं, उसवलेली शिवण डाख लावून सांधली. आता मी उलटा उभा राहून तेल ओततो. कर्णा उलटा धरला की नरसाळं! कामात आहे, समाधानी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना दुसरं काम मिळतं. आणि मोठ्याने बोलण्याआधी एकदा हळू विचारा. हनुमंतरावांनी त्याच संध्याकाळी माझ्या काठावर खिळ्याने तमिळ अक्षरांत एक शब्द कोरला होता. दोनच अक्षरं आहेत, तेलाने काळी पडली आहेत. दुकानात येणारा कोणी ती वाचतो आणि विचारतो, "हें काय आहे अण्णा, काठी की गाडी?"

वैद्यनाथ हसतो आणि म्हणतो, "विचारलेंस ना? बस्स."