देवाची काच, सुलेखाचा हात

मी एक जुनी कचऱ्याची हातगाडी आहे. नाक दाबू नका, मित्रांनो! घाण तुमचीच, मी नुसती वाहते.

वाळूजच्या वेल्डरनं मला जोडलं, तेव्हा माझ्यावर दोन कोरे ड्रम होते. हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. छत्रपती संभाजीनगरात, बीड बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीत माझी फेरी लागली. काल जिथं ज्वारी डोलत होती, तिथं आज चार-चार मजले आणि वेरूळ-अजिंठ्याच्या पाहुण्यांसाठी लॉज. मला ढकलणारी सुलेखा ओला कचरा खतखड्ड्यात टाकी आणि सुका निवडून पुन्हा वापरात पाठवी. पेपरात आमचा फोटोही आला. लई फुगले होते मी तेव्हा!

मग दुष्काळाची सालं आली. टँकर आठवड्यातून एकदा. भांडी घासायला पाणी नाही, म्हणून घराघरांत नि लॉजवर थर्माकोलची ताटं. ती वरणभातासकट माझ्या निळ्या ड्रममध्ये! हिरव्यात बाळांचे घाण डायपर! शी! उन्हानं माझ्या पोटात अळ्या वळवळत. आणि म्हणे शिकलीसवरली माणसं. माझं चाक गंजलं, पण कुणी तेलाचा थेंब दिला नाही.

सुलेखाचे हातमोजे फाटले. नवे मागितले, तर मुकादम म्हणे, "येतील." ती उघड्या हातांनीच निवडू लागली. हातावरच पोट होतं तिचं. हात गेला, की फेरीही गेली.

तिसऱ्या घरातल्या यमुनाबाई सोवळं पाळणाऱ्या. रोज निर्माल्याची पिशवी माझ्या दांड्याला अडकवीत नि बजावीत, "कचऱ्यात टाकू नकोस गं, पाप लागेल. पूर्वी तळ्यात सोडायचो, आता तळंच आटलं." पिशवीचं प्लास्टिक कुजत नाही, म्हणून सुलेखा फुलं हातानं काढून खड्ड्यात घाली.

एके सकाळी तिनं पिशवीत हात घातला आणि किंचाळली. झेंडूखाली फुटकी काच होती. तळहात मनगटापर्यंत फाटला.

यमुनाबाई हळद घेऊन धावल्या. "अगं बाई! तसबीर भंगली होती. देवाची काच कचऱ्यात कशी टाकणार? म्हणून फुलांत ठेवली."

"मंग सांगायचं नाय का, काकू?" सुलेखा रडत म्हणाली. "देवाची काच काय कापत नसती व्हय?"

मित्रांनो, अळ्यांची मला सवय झाली होती. त्या दिवशी किळस आली ती असल्या भक्तीची.

हाताला नऊ टाके पडले. फेरी दुसऱ्याला जाईल या धास्तीनं सुलेखा तिसऱ्याच दिवशी आली. तिनं मला गल्लीच्या मधोमध उभं केलं आणि डाव्या हातानं घंटा वाजवली. "आजपासून मी हात घालणार नाय. ज्याची पिशवी, त्यानं इथंच निवडायची."

यमुनाबाई पुढं आल्या. त्यांनी आपल्या पिशवीची गाठ सोडली, हात आत नेला आणि चटकन मागं घेतला. आत काय टाकलंय, हे त्यांचं त्यांनाच आठवेना.

मित्रांनो, पिशवी बांधण्याआधी एकदा स्वतःचा हात आत घालून बघा. धजत नसाल, तर ती सुलेखाच्या हाती देऊ नका.