कवच नंबर चौदा

"कवच मले देऊन टाका, काका," हर्षित मुठीत फासे खुळखुळवत म्हणाला. "तिसरा रविवार आहे. नियम तुम्हीच लिहिला नं?"

मनोहररावांनी वहीवरून मान वर केली नाही. नागपुरात बेशातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी ही मंडळी जमायची. मुलगी उन्नती गोष्ट सांगायची, तिचे मित्र त्या गोष्टीतले योद्धे व्हायचे आणि कोण तरलं, कोण मेलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. मनोहररावांनी सुरुवातीला या खेळाला चांगलंच नाक मुरडलं होतं. मग एकदा एकच मंतरलेली तलवार दोघांच्या कागदांवर निघाली, तोंडातोंडी झाली आणि त्यांच्यातला कारकून खडबडून जागा झाला.

सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत त्यांनी एकतीस वर्षं लॅम्परूम सांभाळली होती. खाली उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा, टोपीवरचा दिवा न्यायचा. वर आला की दिवा द्यायचा, बिल्ला न्यायचा. खुंटीवर बिल्ला उरला, म्हणजे माणूस अजून खाली आहे.

हीच शिस्त त्यांनी खेळात घुसवली. प्रत्येक मंतरलेल्या वस्तूला नंबर आणि नंबराचा बिल्ला. अधिक एकची तलवार फाशावर एक वाढवणार, अधिक दोनची दोन. चिलखत मंतरलेलं असेल, तर शत्रूला तितका जास्त आकडा पाडावा लागणार. एका योद्ध्याला तीनच मंतरलेल्या वस्तू, चौथी मागायची नाही. आणि नियम नववा : धनी लागोपाठ तीन बैठका आला नाही, तर वस्तूवरची त्याची पकड सुटली असं समजून ती जमा धरावी. चांगली वस्तू उगाच पडून राहू नये, एवढाच त्यामागचा विचार.

कवच नंबर चौदा आगीला दाद न देणारं होतं आणि आज पुढ्यात आग ओकणारा सर्प होता. तेव्हा हर्षितचं काही चुकत नव्हतं. पण कवचाचा धनी अश्विन होता. जरीपटक्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. तीन आठवड्यांपूर्वी निकाल लागला आणि चौथ्यांदा त्याचं नाव यादीत नव्हतं.

"फोन लागला का वं त्याचा?" मनोहररावांनी उन्नतीला विचारलं.

"बंद येऊन राहिला, बाबा. गावाले गेला असन."

खेळातल्या रितिकालाही तसंच वाटत होतं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मनोहररावांनी 'जमा'च्या रकान्यात पेन टेकवलं आणि त्यांना खाण आठवली.

असंच एकदा तिथं पाळी सुटताना एक दिवा कमी भरला होता. नंबर दोनशे बारा, बाबारावांचा. बाबाराव कधीकधी दिवा तसाच घेऊन कँटीनमध्ये चहाला जायचे. गेला असन, असं म्हणून मनोहररावांनी वहीत 'जमा' लिहिलं आणि घरची बस पकडली. बाबाराव खाली पाय अडकून पडले होते. चार तास त्यांना कुणी शोधलं नाही, कारण कागदावर ते वर आलेले होते. जीव वाचला, पाय गेला. पुढे कधी भेटले, की बाबारावच आधी रामराम करायचे आणि तेच मनोहररावांना सोसायचं नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, चौदा नंबरचा बिल्ला खिशात टाकला आणि स्कूटरची किल्ली घेतली. हर्षितनं नियमाचं काय म्हणून विचारलं, तेव्हा माणूस दिसल्याशिवाय मी काही लिहीत नाही एवढंच ते म्हणाले. हर्षितनं फासे खाली ठेवले.

बेशाहून जरीपटका म्हणजे अख्खं नागपूर ओलांडायचं. प्रत्येक सिग्नलला त्यांचा जीव वरखाली होत होता. तिसऱ्या मजल्यावर अश्विनच्या दाराबाहेर पाण्याचा कॅन भरलेला तसाच पडला होता. त्यावर धूळ होती. मनोहरराव घाबरले. त्यांनी दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा वाजवलं. आतून काही नाही. मग ते तळहातानं दार बडवायला लागले.

कडी निघाली. दाढी वाढलेला, डोळे आत गेलेला अश्विन दारात उभा होता. मागे खोलीत भर दुपारी अंधार होता.

"काका? तुम्ही काहून आले?"

 मनोहररावांनी चौदा नंबरचा बिल्ला पुढे धरला.

"देऊन टाका हर्षितले," अश्विन म्हणाला. "मी नाही येत आता."

"तसं देता येत नाही गा. धन्यानं स्वतः येऊन जमा करा लागते."

"वहीत असा नियम नाही, काका."

"आजच केला."

अश्विननं बिल्ल्याकडे पाहिलं. मग तो आत वळला. दार मात्र त्यानं लावलं नाही. मनोहरराव तिथेच जिन्याच्या पायरीवर टेकले. बिल्ला घामानं ओला झाला होता, तरी त्यांनी तो खिशात ठेवला नाही. बऱ्याच वेळानं आत अंघोळीच्या बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला.