पीठ लावलेला रस्सा

जयाने तव्यावर ज्वारीचं पीठ भाजायला घेतलं ते तोंड वाकडं करूनच. मटणाच्या रश्शाला पीठ लावायचं म्हणजे तिला कमीपणा वाटायचा. तिकडे जालन्याला सासू लावायची, कारण वाट्याला येणारं मटण मूठभर आणि खाणारी तोंडं घरभर. नवऱ्याला, अंबादासला, विक्रोळीच्या कारखान्यात पंप दुरुस्तीचं काम लागलं, बिऱ्हाड मुंबईला आलं, तेव्हाच तिने ठणकावून सांगितलं होतं की आता आपल्या घरात रश्शाला पीठ लागणार नाही. काळ्या मसाल्याचं मटण आणि वर लालभडक तर्री. चाळीत तिच्या हाताचं नाव होतं.

पण गेल्या महिन्यात लकव्याचा झटका आला, अंबादासची उजवी बाजू गेली आणि अन्नावरची वासनाच उडाली. पेज, खिमट, सूप, काहीही दिलं तरी तो तोंड फिरवायचा. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि काल त्याने आपणहून मागितला तो आईसारखा पीठ लावलेला रस्सा.

"कर ना गं आई. इगो काय घेऊन बसलीस?" लेक म्हणाली. संघमित्रा बँकेत होती, रविवारची मुलुंडहून आली होती.

"इगो नाही गं. एवढं किलोभर मटण आणलंय, त्याची वाट लावायची."

बडबडतच तिने कांदा-खोबरं भाजून वाटलं, मसाला परतला, मटण मऊ शिजवलं आणि शेवटी पीठ कालवून सोडलं. रस्सा पिठल्यासारखा दाटला. वास सुटला तसं तिला सासूच्या चुलीपुढे बसल्यासारखं वाटलं.

संघमित्रा भरवायला गेली, तर अंबादासने तिचा हात बाजूला सारला. डाव्या हाताने त्याने भाकरीचा घास कालवला. तो घास खाली उतरेपर्यंत जयाच्या जिवात जीव नव्हता. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला. तिचे डोळे भरून आले. एरवी ती सगळ्यांच्या मागून जेवायची. आज त्याच्या सोबतीला म्हणून ताट घेऊन बसली होती.

"आई पीठ का लावायची, माहितीय?" त्याने अडखळत विचारलं.

"मटण पुरावं म्हणून."

त्याने नाही म्हणून मान हलवली. "तिच्या ताटात मटणाची एकही बोटी नाही, ते दिसू नये म्हणून."

हात लांबवून त्याने जयाच्या ताटातला रस्सा बोटांनी चाचपला. पातेल्यात ढीगभर मटण होतं, पण तिच्या ताटात एकही बोटी नव्हती. जया ताटाकडे बघतच राहिली. वाढून घेताना तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

अंबादासने आपल्या ताटातली एक मऊ बोटी उचलून तिच्या ताटात ठेवली, आणि ती खाईपर्यंत पुढचा घास घेतला नाही.