एका घराचं पोतं

आत्माराम भात मोजून लावी. एका माणसाला पाऊण वाटी तांदूळ, हे त्याने वसुंधरा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. भात रोज थोडा कमी पडायचा. मग तो पाणी पिऊन उठायचा. वाटी भरून घ्यावी असं आठ महिन्यांत त्याच्या मनात आलं नाही, कारण मनात काही येणंच थांबलं होतं. स्मशानातही तो रडला नव्हता. आचोळ्याच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये कोणी म्हणालं घट्ट आहे माणूस, कोणी म्हणालं कोरडा आहे. त्याला दोन्ही पटलं.

माणूस मुळात दशांशातला. तीस वर्षं एका दूध डेअरीच्या संगणक विभागात काढलेली. कॅनमधल्या फॅटचा एक दशांश इकडचा तिकडे झाला की याला घास गिळत नसे. आता नोकरी नाही, बायको नाही, पण शिस्त तेवढी उरलेली. रोज संध्याकाळी तो वसुंधराचा फोन चार्जिंगला लावी. का, ते त्याला विचारून उपयोग नव्हता. मुलगी उन्नती पुण्याहून सांगे, "बाबा, ते सिम बंद करून टाका." तो हो म्हणे आणि फोन चार्जिंगला लावी.

वसुंधरा चांदीपची, भातशेतीच्या घरातली. वीस वर्षांपूर्वी उन्नतीसाठी आणलेली 'ब्रॉनमार्क' नावाच्या खेळाची सीडी उन्नतीने दोन दिवसांत टाकून दिली आणि आईने उचलली. राज्य वसवायचं, शेतं लावायची, सैन्य जमवायचं, शेजाऱ्याशी लढायचं, एकेक फेरी दाबत राज्य पुढे न्यायचं, असा तो खेळ. बाई दुपारची भांडी आवरली की पदर खोचून राज्य करायला बसे. लढाई मात्र तिने एकही केली नाही. तिच्या राज्यात गावं म्हणून नव्हतीच. इथे एक घर, तिथे एक घर, मध्ये नुसती शेतं.

आत्माराम मागून जाता-येता शिकवी. "अगं, चार घरं एकत्र बांध. रस्ता वाचेल, पहारा वाचेल. हे काय वालाच्या बिया फेकल्यासारखं?"

"ऱ्हाऊ दे माजं राज्य माज्याकडं," ती म्हणे. एकदा ती आणखी काही बोलली होती, पण तोवर हा स्वयंपाकघरात पोचला होता.

मग जुना संगणक मेला आणि नव्या लॅपटॉपवर तो खेळ सुरूच होईना. बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. दुसऱ्या कोणी ओळखीतून एखादं जुनं मशीन शोधून आणलं असतं आणि विषय मिटला असता. आत्मारामला ते सुचलंच नाही. त्याला सापडली जगभरातली दहा-बारा माणसं, जी त्या खेळाचं इंजिन, म्हणजे आतला सगळा चालवणारा भाग, कुणालाही वाचता येईल असं उघड्यावर नव्याने लिहीत होती. हा त्यांच्यात जाऊन बसला. "तुझं राज्य चालू करून देतो, थोडा धीर धर," असं त्याने तिला सांगितलं. तिने चार वर्षं धीर धरला. पाचव्या वर्षी ती गेली. जुनं मशीन आणलं असतं तर ती शेवटपर्यंत खेळली असती, हे त्याला तेराव्याच्या जेवणावळीत कळलं. तेव्हाही काही वाटलं नाही. नुसतं कळलं.

मागच्या आठवड्यात इंजिन एकदाचं पूर्ण झालं. पेनड्राइव्हवर जपलेलं तिचं राज्य त्याने उघडलं, तीन हजार एकशे चौदावी फेरी. पहिल्या फेरीत कोठारं घटली. तिसरीत उपासमार. पाचव्या फेरीला तिची माणसं घरं सोडून चालती झाली. पंधरा वर्षं टिकलेलं राज्य याच्या हातात पाच फेऱ्या टिकलं नाही. त्याने फाईल बंद केली आणि सँड्राला फोन लावला.

सँड्रा वसई गावातली, तिशीची, त्याच दहा-बारा जणांपैकी एक. नवा बदल तपासून मंजूर करणं तिच्याकडे. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती स्कूटरवरून आली ती बापाचा जुना जाडजूड लॅपटॉप घेऊनच. त्यावर मूळ खेळ अजून चालत होता.

"अंकल, दोन्ही बाजूबाजूला लावू. एकाच वेळी फेरी दाबायची. कुठे फरक पडतो ते बघू."

दाबली. जुन्यात कोठारं भरलेली, नव्यात रिकामी. आत्मारामने एक घर निवडलं, ओढ्याकाठचं. जुन्या खेळात त्याच्या वाट्याला एक पोतं धान्य आलं होतं, नव्यात पाऊण.

"पीक कोणी लिहिलंय?" सँड्राने विचारलं.

"मी."

तिने त्याचा भाग उघडून वाचला. बराच वेळ वाचत राहिली. "तुम्ही इथे अपूर्णांक तसाच ठेवलाय. जुना खेळ गावाचं पीक मोजून वरचा तुकडा पूर्ण करून टाकतो. चार घरांचं गाव असलं तर चार पाऊण, बरोबर तीन पोती. पूर्ण करायला काही उरतच नाही. पण घर एकटं असलं की पाऊणचं थेट एक होतं."

"ती चूक होती," आत्माराम म्हणाला. "पाऊण म्हणजे पाऊण. मी ती दुरुस्त केली."

"अंकल, आपला नियमच आहे ना, जुन्याच्या चुकासुद्धा ठेवायच्या म्हणून." ती वर न बघता बोलत होती. "आणि घर खातं एक पोतं. चार घरं एकत्र केली की दर फेरीला एक पोतं कमी पडणार. म्हणून तर सगळे लढाया करतात, दुसऱ्याचं लुटायला. आंटींनी लुटलंच नाही कुणाला. सगळी घरं एकेकटी ठेवली आणि सगळ्यांना पुरलं. हे आमच्यापैकी कोणाला कळलं नव्हतं. बिलकूल नाही."

आत्माराम त्या विखुरलेल्या घरांकडे बघत राहिला. मग वसुंधरा तेव्हा पुढे काय बोलली होती ते त्याला आठवलं. स्वयंपाकघरात पोचूनही त्याला ते ऐकू आलं होतं, फक्त मनावर घेतलं नव्हतं. "एकट्याचं रांधनं मोजून होत नाय हो," ती म्हणाली होती. "वाईच जास्तच घालायला लागतं."

त्याने आपली दुरुस्ती खोडली आणि मूळची चूक परत लिहिली, एकच ओळ. फेरी दाबली. कोठारं भरली. पाच फेऱ्या झाल्या, दहा झाल्या, कोणी घर सोडलं नाही.

बदल का केला ते खाली लिहावं लागे. त्याने लिहिलं, एकट्या घराला पूर्ण पोतं, ही चूक नाही. त्याखाली दुसरा रकाना होता, हे कोणाच्या लक्षात आलं त्याचा. तिथे नाव आणि ईमेल भरायचा रिवाज होता. त्याने वसुंधराचं नाव घातलं, तिचा पत्ता घातला. सँड्राने ते वाचलं आणि मंजुरीचं बटण दाबलं.

आतल्या खोलीत फोन वाजला, टिंग करून एकदाच.

"वसू, तुझा फोन बघ गं," आत्माराम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

सँड्राचा हात कळफलकावरच राहिला. आतून कोणी ओ दिली नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच उठला. फोन तिच्या उशाशी, चार्जिंगला लावलेला. नाव भरलेल्या प्रत्येकाला जाणारं ठरावीक पत्र आलं होतं. वसुंधरा, तुमची दुरुस्ती स्वीकारली आहे, आभारी आहोत.

तो पलंगावर, ती झोपायची त्या बाजूला बसला. पत्र त्याने पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्याला अक्षरं दिसेनाशी झाली. बाहेर सँड्राने त्याचं रडणं ऐकलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दोघांसाठी चहा ठेवला, न मोजता.